प्रिंटरची पूजा

गुरुवार, २२ ऑक्टोबर २०२०. गॉलवे

आजपासून पुन्हा सगळं बंद. सहा आठवडे. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही म्हणे. मी कुठे जाते पाचशे मीटरच्या पलीकडे! फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी इथे परदेशात मुलाकडे आले आणि विमानं अडली ती अडलीच. शिरीष म्हणतो, "आई, तू फक्त आराम कर." आठ महिने आराम करून माझी कंबर धरली आहे.

घरात एक नवा पाहुणा आलाय. केतकीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, तिच्या ऑफिसचा प्रिंटर घरी आणलाय. माझ्या कंबरेएवढा उंच, उचलायला दोन माणसं लागली. तिची कंपनी हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या बनवते आणि ही त्यांचे कागद सांभाळते. दहा नोव्हेंबरला युरोपातल्या तपासनीसाचं ऑडिट आहे, व्हिडिओवर. त्याआधी नऊशे पानं छापून, साहेबांच्या सह्या घेऊन फायलींना लावायची. ऑफिसात कुणाला तरी कोविड झाला म्हणून तो मजला बंद. पानं गुपित असतात, बाहेरच्या दुकानात छापता येत नाहीत. दुकानंही बंदच आहेत म्हणा.

केतकीची नोकरी नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या कराराची आहे. ऑडिट नीट झालं तर कायम करतील असं तिचा साहेब डेक्लन म्हणालाय. ती हे मला बोलली नाही, मी जेवताना ऐकलं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. वाईट नाही पोर, पण मोजून बोलणारी.

रविवार, २५ ऑक्टोबर. दसरा

छान दिवस गेला. आज इथे घड्याळ तासभर मागे गेलं, त्यामुळे पुरणाला एक तास फुकट मिळाला.

शिरीष आणि केतकी दुपारी फिरायला गेले तेव्हा मी पूजा उरकली. लॅपटॉप दोन, माझी कात्री, आणि मग म्हटलं, ज्याच्यावर सुनेची नोकरी अवलंबून आहे त्याची पूजा नको? प्रिंटर त्या लहान खोलीत हिरवा दिवा लावून बसला होता. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडू कुठला मिळायला, दुकानातली पांढरी शेवंती वाहिली. तिच्याच फुलानं तांब्यातलं पाणी शिंपडलं, चारी बाजूंनी, चांगलं सढळ हातानं. अक्षता वाहिल्या. बाजूला जाळी आहे तिथेही थोड्या वाहिल्या, म्हणजे आतल्या मशीनलाही पोचतील. पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि म्हटलं, बाबा रे, नऊशे पानं नीट काढ.

केतकीला सांगितलं नाही. उद्या कामाला बसेल तेव्हा दिसेलच, खूश होईल.

सोमवार, २६ ऑक्टोबर

इथे आज सुट्टी, पण केतकी सकाळीच कामाला बसली. तिनं प्रिंट दिली मात्र, आतून फट् असा आवाज आला आणि घरातले सगळे दिवे गेले. जळका वास. मी स्वयंपाकघरातून धावत वर गेले तर ती मशीनकडे बघत उभी.

शिरीषनं मेन स्विच वर केला, मशीनच्या प्लगमधला फ्यूज बदलला. पुन्हा फट्. असे तीन फ्यूज खाल्ले त्यानं. मी म्हटलं, दृष्ट लागली बाई, नवं यंत्र घरात आलं की चार डोळ्यांत भरतंच.

एक गोष्ट मनाला लागली. शिरीष वर येईपर्यंत केतकीनं माझं स्वस्तिक बाहीनं पुसून टाकलं. फुलं खिशात कोंबली. एका शब्दानं काही बोलली नाही. पूजेचं इतकं वावडं असेल तर सरळ सांगावं माणसानं! मग म्हणाली, "जुनंच मशीन आहे रे शिरीष, इथली हवा दमट, होतं असं." आणि लगेच व्हॅक्यूम आणून खोली झाडायला लागली. इकडे नऊशे पानं अडलीत आणि हिला झाडलोट सुचतेय. जरा वेळानं मला म्हणाली, "आई, दोन-तीन दिवस त्या खोलीत नका जाऊ हं." म्हणजे बघा.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

दुरुस्तीवाला घरी यायला तयार नाही. तीन आठवड्यांनी बघू म्हणतो. नवा प्रिंटर मागवला तर महिना. केतकी दिवसभर फोनवर होती. जेवली नाही धड.

मी दोघांना म्हटलं, "एकही दिवा लागत नाही, फ्यूज उडतो, म्हणजे पॉवर सप्लाय गेलाय. मला उघडून बघू दे."

शिरीष हसला. "आई, हा टीव्ही नाहीये. लेझर प्रिंटर आहे."

"अरे, टीव्ही असो नाहीतर प्रिंटर, भिंतीतली वीज आत घेऊन तिला माणसात आणायचं काम पॉवर सप्लायचंच. भोसरीच्या टीव्हीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी तेच तपासलं. तुझी फी त्याच्यावरच भरली."

शिरीषकडे अवजार म्हणाल तर फर्निचरबरोबर फुकट आलेली एक वाकडी किल्ली. संगणकाचा एवढा मोठा इंजिनिअर, पण स्क्रू दिसला की ह्याचा चेहरा पडतो.

केतकीनं मात्र डेक्लनला फोन लावला. घरात माहीतगार माणूस आहे, उघडू का, असं विचारलं. तो म्हणाला, मशीन तसंही हमीबाहेर आहे, उघडा. मला वाटलं नव्हतं ती विचारेल.

बुधवार, २८ ऑक्टोबर

शेजारचा बर्नी बस चालवायचा, आता निवृत्त आहे. त्यानं भिंतीवरून पिशवीत घालून स्क्रूड्रायव्हर आणि मीटर दिला. "ग्रँड, मिसेस, ग्रँड," म्हणाला. सगळ्याला ग्रँडच म्हणतो तो, म्हणजे झकास.

प्लग काल रात्रीपासूनच काढून ठेवला होता. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून बसतो, नवशिक्याला तोच फटका देतो. मीटर लावून तो रिकामा असल्याची खात्री केली. मग मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला. मोहरीच्या वाटीत मागच्या पत्र्याचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत बाजूचे, हळदीच्या वाटीत आतले. कुठला स्क्रू कुठला हे विसरायला नको. वीस वर्षांनी हात चालले. देवा, काय बरं वाटलं!

पत्रा काढला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

पॉवर सप्लायच्या बोर्डावर तांदूळ. माझे. कुंकू लावलेले, सात दाणे. एक अगदी सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मध्ये काळा होऊन चिकटलेला. बाजूला पाण्याचा ओघळ वाळलेला, लालसर. तिथून पुढे बोर्ड जळलाय.

दृष्टबिष्ट काही नाही. मी. मी स्वतःच्या हातानं चालू मशीनवर तांब्याभर पाणी शिंपडलं! कारखान्यात दसऱ्याला आमचे सुपरवायझर मेन स्विच पाडल्याशिवाय कुणाला हळदीचं बोट लावू देत नसत, आणि मी हिरवा दिवा बघून हात जोडले. करायला गेले गणपती, झाला मारुती.

तेवढ्यात केतकी दारात. "काही सापडलं का आई?" मी दाणे मुठीत धरले आणि म्हटलं, "पॉवर सप्लायच. सोल्डरचा डाग देऊन भागणार नाही, सगळा बोर्डच बदलायला हवा." ती म्हणाली, "बरं." माझ्या मुठीकडे बघितलं असं मला वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं.

दाणे कमोडमध्ये टाकले. पासष्टाव्या वर्षी ही वेळ!

शुक्रवार, ३० ऑक्टोबर. कोजागिरी

इंग्लंडमधल्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून बोर्ड मागवलाय. बोर्डावरचा नंबर मी वाचला, केतकीनं शोधला.

दूध आटवलं. ढगांमुळे चंद्र काही दिसला नाही. केतकीनं मला शाल आणून दिली, म्हणाली, "आई, तुमच्यामुळे निदान कळलं तरी काय बिघडलंय." ती मला नावं ठेवती तर बरं झालं असतं.

सांगून टाकावं का? सांगितलं तर शिरीष आयुष्यभर हसेल, ते जाऊ दे. पण केतकी? अकरा दिवसांवर तिचं ऑडिट आलं आहे, नोकरी त्याच्यावर आहे आणि सासूनं ती पूजा करून बुडवली, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलंय, आधी मशीन चालू करीन, मग सांगीन. चालू मशीनसमोर कबूल करायला जरा सोपं जाईल. भित्री आहे मी, कबूल आहे.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

बोर्ड आला. केतकी आनंदानं जिना चढत आली. मी चष्मा लावून लेबल वाचलं आणि खाली ठेवला. तसाच दिसतो, तेवढेच स्क्रू, तेच प्लग. पण ११० व्होल्टचा, अमेरिकेतल्या विजेचा. इथे आपल्यासारखीच २३० आहे.

शिरीष म्हणाला, "बसतोय ना? लावून तर बघू."

"लाव," मी म्हटलं, "आणि अग्निशामक दलाचाही नंबर लावून ठेव."

परत पाठवला. केतकी पायरीवर बसून राहिली. सात दिवस उरलेत. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला.

मग तीच उठली आणि लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. दोघींनी मिळून पाच दुकानांना लिहिलं. ह्या वेळी आधी लेबलचा फोटो मागायचा असं ठरलं. इथल्याच लिमरिक शहरातल्या एकाकडे आहे. फोटो आला. २२० ते २४०.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

पोस्टमन दाराशी खोकं ठेवून गेला. लेबल चार वेळा वाचलं. बरोबर आहे. उद्या सकाळी उजेडात बसवीन.

शनिवार, ७ नोव्हेंबर

हे सगळं लिहायलाच हवं.

सकाळी दहाला बसलो. शिरीषला मी खाली पिटाळलं, त्याच्या सूचनांनी डोकं उठतं. केतकी माझ्यासमोर मांडी घालून, मिसळणाचा डबा मध्ये. मी वाटीचं नाव घ्यायची, ती स्क्रू द्यायची. "जिरं." "हे घ्या." "हळद दोन." मध्येच ती हसायला लागली. म्हणाली, "आई, फोडणी चाललीये असं वाटतंय." मीही हसले.

जुना बोर्ड काढला. नवा सरकवला. जाड वायरींचे प्लग आधी, मग चपटी पट्टी, ती तिरकी गेली तर संपलं, म्हणून दोनदा काढून घातली. पत्रा लावला. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्या, एकही स्क्रू उरला नाही. प्लग मी स्वतः लावला. फट् झालं तर माझ्या हातून होऊ दे.

नाही झालं. आत पंखा घरघरला, दिवा लागला. केतकीनं माझा दंड घट्ट धरला. आता सांगायचं, मी मनात म्हटलं, आता तोंड उघडायचं. तेवढ्यात मशीननं आपणहून एक पान बाहेर टाकलं. सोमवारी मशीन बंद पडल्यावर केतकीनं आधीची प्रिंट रद्द करून हे पान लॅपटॉपमध्ये रांगेत लावून ठेवलं होतं, ते आलं.

केतकी झेपावली. पण ट्रे माझ्या बाजूला होता.

इंग्रजी मी सावकाश वाचते, पण वाचते. कंपनीचा फॉर्म होता. प्रिंटर बंद. तारीख २६ ऑक्टोबर. कारण: साफसफाई करताना माझ्या हातून यंत्रावर पाणी सांडलं. चूक माझी. खाली नाव केतकी खासनीस.

"तू कधी पाणी सांडलंस?" मी विचारलं.

ती रिकाम्या वाट्या डब्यात लावायला लागली.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारीच. झाकणावर कुंकू होतं आई. कागदाच्या ट्रेमध्ये अक्षता होत्या. शिरीष यायच्या आत पुसलं सगळं."

"मग मला बोलली का नाहीस? चार शब्द सुनवायचे होतेस!"

"आठ महिन्यांत तुम्ही पहिल्यांदा गाणं म्हणत होतात त्या दिवशी. पुरण वाटताना. मला काही बोलवेना."

मला रडूच फुटलं. मी बारा दिवस ह्या पोरीला मनात नावं ठेवली. स्वस्तिक पुसलं म्हणून, खोलीत जाऊ नका म्हणाली म्हणून. ती मला झाकत होती, आणि मी तिच्यापासूनच मूठ झाकत होते! तेही सांगितलं तिला, मुठीचं. ती म्हणाली, "माहीत आहे. दोन दाणे जमिनीवर पडले होते." मग आम्ही दोघी रडत हसलो. शिरीष खालून ओरडला, "काय झालं? चालू झालं की नाही?"

डोळे पुसल्यावर मी म्हटलं, "हा कागद फाड. नवा लिही, खरा."

"आई, कंपनीच्या मशीनवर घरच्या माणसानं पाणी टाकलं आणि घरच्याच माणसानं ते उघडलं, असं लिहिलं तर तपासनीस काय म्हणेल? माझ्या एकटीच्या नावावर चूक राहिली तर फार तर ओरडा बसेल."

"आणि खोट्या सहीवर कायम होशील? केतकी, आमच्या कारखान्यात कुणी चूक लपवली तर तो टीव्ही कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पेट घ्यायचा. तुमच्या नळ्या तर माणसाच्या काळजात जातात. त्या कंपनीचे कागद तू सांभाळतेस."

तिनं कागद फाडला. मग डेक्लनला फोन केला आणि सगळं सांगितलं, कुंकवासकट. मग एवढा मोठा हसला तो की मला इथवर ऐकू आलं. म्हणाला, जसं घडलं तसं लिहा आणि फाइलला लावा, पुढचं बघून घेऊ.

पूजा इंग्रजीत कशी लिहायची ह्यावर अर्धा तास गेला. कारण: अलकनंदा खासनीस. दुरुस्ती: अलकनंदा खासनीस. मी मराठीत सही केली. मग मशीन जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. सहाशे पानं.

मंगळवार, १० नोव्हेंबर

नऊशेच्या नऊशे पानं वेळेत गेली. आज ऑडिट. सकाळपासून केतकी लहान खोलीत, दार लोटलेलं. मी खाली भाजणी भाजत होते, चकलीची. मन काही तिथे नव्हतं. खरेपणाचा तोरा मी मिरवला, किंमत पोरीला पडली तर?

दुपारी तिची हाक आली. "आई, जरा वर येता?" आवाज कसातरीच होता.

नऊशे पानांतून तपासनीसबाईंनी नेमकं तेच पान काढलं होतं! पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई, माझ्याच वयाच्या, तोंडावर हसू नाही. शेजारच्या चौकोनात डेक्लन, त्याचाही चेहरा उतरलेला. केतकी हळूच म्हणाली, "यंत्राला हात लावणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा पुरावा मागतायत. तो नसेल तर दोष नोंदवणार."

हाताला भाजणीचा वास, अंगावर शिरीषचा स्वेटर. बसले खुर्चीत. म्हटलं, विचारा. मी मराठीत बोलत गेले, केतकी इंग्रजीत सांगत गेली.

किती वर्षांचा अनुभव? अठ्ठावीस. काय काम? पॉवर सप्लाय तपासणं, दिवसाला ऐंशी. उघडण्याआधी काय केलं? प्लग काढला, रात्रभर थांबले, कपॅसिटर रिकामा आहे का मोजलं. भाग योग्य आहे हे कशावरून? पहिला आलेला ११० चा होता, परत पाठवला, दुसऱ्याचं लेबल आधी मागवलं. तो फोटो केतकीनं दाखवला. बाई लिहीत होत्या. मान वर करत नव्हत्या.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. हे पुन्हा घडू नये म्हणून काय उपाय केला? तो रकाना आम्ही मोकळाच ठेवला होता.

केतकीचा चेहरा पांढरा पडला. मी सरळ सांगितलं, "पुढच्या वर्षी मेन स्विच बंद करून पूजा. पाणी नाही, अक्षता नाहीत. एक फूल, तेही ठेवून लगेच उचलायचं."

केतकीनं अगदी शब्दाला शब्द सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. हसत होत्या! म्हणाल्या, वीस वर्षांत इतका स्वच्छ लिहिलेला कागद क्वचित बघितलाय. बहुतेक ठिकाणी कारणाच्या रकान्यात 'दमट हवा' लिहिलेलं असतं. केतकी खाली बघत बसली.

तो रकाना तिथेच भरायला लावला त्यांनी. दोष नोंदवला नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर. धनत्रयोदशी

केतकीचं कायम झाल्याचं पत्र आलं. तिनं आधी मला नमस्कार केला, मग दुकानात गेलेल्या शिरीषला फोन. मी पेढे करायचे म्हटलं तर खवा नाही, मग दूध पावडरचे केले. बर्नीला चार दिले भिंतीवरून. ग्रँड म्हणाला.

केतकी सांगत होती, ह्या कंपन्यांना असले कागद पंधरा वर्षं जपून ठेवावे लागतात, कायदाच आहे. मी हिशोब केला. तोवर मी ऐंशीची होईन, झालेच तर. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं राबले, पण माझं नाव तिथल्या एकाही टीव्हीवर नव्हतं, सही सुपरवायझरची असायची. आणि आता गॉलवेच्या एका कपाटात, कुलपात, इंग्रजी कागदाखाली मराठीत लिहिलेलं आहे की हे यंत्र अलकनंदा खासनीस हिनं बंद पाडलं आणि तिनंच चालू केलं. दोन्ही खरं आहे. माझी काहीएक तक्रार नाही.